दोघींचा एक दाखला

माझं नाव मी इथे लिहिणार नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही, चारचौघींसारखंच नाव आहे. पण ते आधी दुसरीचं होतं. आयुष्यभर मी ते वापरलं, तिला न विचारता. निदान हे लिहिताना तरी ते तिच्याकडेच राहू दे.

खर्डीहून आत, उंबरमाळीच्या अंगाला, डोंगराला चिकटून आमची वाडी आहे. वीस-बावीस घरं. माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. ती सहाव्या वर्षात असताना भादव्यात तापाने गेली. तीन दिवस ताप, चौथ्या दिवशी संपलं. लहान पोरांना आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. तिला वाडीच्या वरच्या माळावर करवंदीच्या जाळीत पुरलं. मातीत ठेवण्याआधी आईने तव्याची काजळी बोटावर घेतली आणि तिच्या डाव्या कानामागे ठिपका लावला. आमच्याकडचा हा जुना रिवाज. पोर परत आलं तर ओळखता यावं म्हणून असं करतात.

पुढच्या वर्षी खर्डीच्या सरकारी दवाखान्यात माझा जन्म झाला. माझ्या डाव्या कानामागे काळा डाग होता. बाबांनी भगताला बोलावलं. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले, बोटाने दोन-दोन करून बाजूला सारले, पुन्हा टाकले, पुन्हा सारले. तिसऱ्या वेळेला म्हणाला, "थोरलीच आली परत." मग नाव ठेवायचा प्रश्नच उरला नाही.

त्यामुळे आमच्या घरात कुठलं पोर मेलेलं नव्हतं. पितरांच्या पंधरवड्यात आई आजीचं पान वाढायची, आजोबांचं वाढायची, तिचं कधी वाढलं नाही. ती तर चुलीपाशी बसून जेवत असायची, म्हणजे मी. मला नाचणीची भाकरी गुळात कुस्करून द्यायची, कारण ती मला आवडत होती, मी जन्मायच्या आधीपासून. मला तो लगदा घशाखाली उतरायचा नाही. पण आई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायची, मग मी खायचे.

"तुला आठवतं का गो, तू वहाळात पडलीस ती?" ती विचारायची.

मी हो म्हणायचे. आधी तिला बरं वाटावं म्हणून म्हणायचे. नंतर मला खरंच आठवायला लागलं. शेवाळलेला दगड, नाकात गेलेलं पाणी, निळ्या परकराचा घोळ वर तरंगलेला. आजही डोळे मिटले की तो परकर दिसतो. मी वहाळात कधी पडले नाही, आणि माझ्याकडे निळा परकर कधीच नव्हता.

आणखी एक गोष्ट आहे. शेळ्या घेऊन आम्ही पोरं माळावर जायचो, तेव्हा बाकीची सगळी त्या करवंदीच्या जाळीत घुसायची आणि तोंडं काळी करून बाहेर यायची. मी लांबून वळसा घालून जायचे. तिथे कोण आहे ते मला कुणीच सांगितलं नव्हतं. आईने एकदा ते पाहिलं आणि आनंदाने रडली. "तिला म्हाइत हाय," असं वाडीभर सांगत फिरली. आता मोठेपणी वाटतं, आईच तिथून जाताना पाय वाकडा टाकत असेल आणि मी तिच्या मागून तशीच चालले असेन. असंच असणार. तरी सांगताना अंगावर काटा येतो, तो येतोच.

सहाव्या वर्षी बाबा मला शाळेत घेऊन गेले. शाळा म्हणजे एक खोली, चार वर्ग आणि एक गुरुजी. बाबा दारातून म्हणाले, "गुरुजी, पोर आनलीय परत."

गुरुजी थोरलीच्या मातीला आले होते. त्यांनी स्वतःच्या हाताने तिच्यावर मूठभर माती टाकली होती. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "ही तीच?"

"तीच," बाबा म्हणाले. बाबांच्या मनात खोटं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. एका पोरीचं नाव शाळेत दोनदा कशाला घालायचं, एवढा साधा हिशेब होता त्यांचा.

गुरुजींनी मला भिंतीकडे बसवलं आणि हजेरी घ्यायला लागले. एकेक नाव घेत होते, एकेक पोर "हजर" म्हणत होतं. माझं नाव आलं. मी तोंड उघडायच्या आत सगळा वर्ग एका आवाजात ओरडला, "हजर!"

मी घाबरून रडायला लागले. पोरं हसली. त्यांना यात नवल नव्हतं. ते नाव आलं की सगळ्यांनी मिळून ओरडायचं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं होतं. त्यांच्या मोठ्या भावंडांनाही तेच शिकवलं होतं.

ती सवय मोडायला कितीतरी दिवस गेले. मी पोरांच्या आधी बोलायची घाई करायचे, त्यांचा आवाज माझ्यावर चढायचा. हळूहळू एकेकाने सोडलं. पण सगळ्यांनी सोडल्यावरही मागच्या भिंतीकडून एक बारीक "हजर" यायचा, माझ्या किंचित आधी. वळून पाहिलं की कुणाचं तोंड हललेलं नसायचं. कुणीतरी चेष्टा करत असणार, असं मी तेव्हाही स्वतःला सांगायचे.

पुढची शाळा खर्डीला. तिथल्या क्लार्कने दाखला पाहिला, मला पाहिलं आणि चष्मा पुसला. कागदावर मी सतरा वर्षांची होते आणि उंचीने त्याच्या टेबलाएवढी. "वाडीवरची पोरं उशिराच येतात," असं म्हणून त्याने शिक्का मारला. मलाही ते वय कधी खटकलं नाही. कागदावर काहीतरी असतं आणि आपण वेगळे असतो, असंच मला वाटायचं.

नववी पास झाले. गणितात कच्ची होते, पण पास झाले. त्याच उन्हाळ्यात मुरबाडकडचं स्थळ आलं. गावात कुणीतरी वय विचारलं, तेव्हा बाबांनी शाळेचा कागद पुढे केला. कागदावर मी एकवीस वर्षांची होते. मग विचारणारा गप्प बसला. मी पंधरा वर्षांची होते. लग्न तिच्या वयावर लागलं आणि संसार मी केला. हे लिहिताना अजूनही माझा हात रागाने घट्ट होतो. नवरा वाईट निघाला नाही, टेम्पो चालवतो, शिवी तोंडात नाही. पण तो चांगला निघाला म्हणून राग जात नाही.

मुरबाडच्या एमआयडीसीत मी बाटल्यांची झाकणं मोजून पिशव्यांत भरते. भरत होते, असं म्हणायला हवं. आठ वर्षं कंत्राटावर होते. मागच्या पावसाळ्यात फळ्यावर नोटीस लागली की पुढच्या वर्षापासून झाकणं तपासायला कायम चेकर हवेत, दहावी पास, वय पस्तीसच्या आत. मी जन्माच्या दाखल्याने एकतीसची. आमच्या लाइनची सुपरवायझर म्हणाली, "तू डोळ्याने झाकणाची चीर पकडतेस, मशीनला पण सापडत नाही. दहावी करून टाक ना यंदा."

करून टाक म्हणणं सोपं असतं. मी चौकशी केली. रात्रशाळा होती ती कल्याणला, म्हणजे शिफ्ट सुटल्यावर जाऊन परत यायला गाडीच नाही. मुक्त विद्यालयाची माहिती एका पतसंस्थेतल्या मुलीने दिली, घरी बसून अभ्यास करायचा आणि परीक्षेला जायचं. आणि तिसरा रस्ता सतरा नंबरचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांनी बाहेरून बसायचं, पेपर मात्र बाकीच्या पोरांबरोबर तेच. मला तोच हवा होता. राहून गेलेली दहावी मला तीच, तश्शीच हवी होती. हा हट्ट होता हे कबूल.

सरळगाव-किन्हवली करत एसटीने शहापूरला गेले. तिथल्या एका शाळेत सतरा नंबरवाल्यांचे कागद तपासतात. तपासणाऱ्या बाईंनी माझा शाळेचा दाखला एका हातात आणि आधार दुसऱ्या हातात धरलं. दोन्हींकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

"दाखल्यावर तुम्ही सदतीस वर्षांच्या आहात," त्या म्हणाल्या. "आधारवर एकतीस. आणि ही पहिलीत नाव घातल्याची तारीख बघा. तुम्ही जन्मायच्या आधी शाळेत गेलात."

त्या हसल्या. मला हसू आलं नाही. माझ्या कानामागे काहीतरी गार लागलं.

"मुक्तमधून केलं तर?" मी विचारलं.

"तिथेही आधी शिकलात कुठे ते दाखवावंच लागेल. आणि एकदा दहावीच्या कागदावर चुकीची तारीख चढली की मग जन्मभर तीच धरून बसा. आधी मूळ शाळेत जा. फॉर्मची मुदत संपायला तीन आठवडे आहेत."

वाडीच्या शाळेत आता मुख्याध्यापिका आहेत. गुरुजी कधीचेच वारले. बाईंनी पत्र्याची पेटी उघडली, वाळवीची माती झटकली आणि जुनं जनरल रजिस्टर काढलं. त्याच्याखाली हजेरीपटही निघाले. खरं तर ते इतकी वर्षं ठेवत नाहीत, पण टाकायची तसदी कुणी घेतली नव्हती. बाईंनी ते माझ्यापुढे सारले आणि त्या पोरांना खिचडी वाढायला गेल्या. मी एकटीच उघडून बसले.

तिचा भादवा सापडला. गुरुजींचं अक्षर बारीक, हजेरीची खूण म्हणजे एक तिरकी रेघ. तीन दिवस रेघ नव्हती. तो ताप. चौथ्या दिवशी सगळ्यांच्याच नावापुढे रिकामं होतं, कारण त्या दिवशी शाळा तिच्या मातीला गेली होती. पाचव्या दिवशी रिकामं. सहाव्या दिवसापासून ती हजर.

मी पानं उलटत गेले. दसऱ्याला हजर. पौषात हजर. पुढच्या वर्षी पहिलीत नापास, पुन्हा पहिलीत, पुन्हा हजर. वहाळाला पूर आला आणि वर्गात तीनच पोरं आली, त्या दिवशी चौथी ती. अशी सहा वर्षं. पट घसरला असता तर शाळा बंद झाली असती, हे मला कळत होतं. त्या एका रेघेवर वाडीतल्या सगळ्या पोरांची शाळा उभी होती, हेही कळत होतं. गुरुजींना मी नावं ठेवणार नाही. पण मग मी माझा पहिला दिवस शोधायला लागले. तो सापडेना. तीच ओळ, तोच क्रमांक, तीच तिरकी रेघ. ती कुठे संपली आणि मी कुठून सुरू झाले, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं.

बाहेर पोरं जेवायला बसली होती. बाईंनी कुणाला तरी हाक मारली आणि मी दचकून पट मिटला.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. पहिली म्हणजे शहापूरला तहसीलसमोर जायचं आणि प्रतिज्ञापत्र करायचं की दाखल्यावरची आणि आधारवरची व्यक्ती एकच आहे. मग आधारवर तिची तारीख चढवायची. दुसरी म्हणजे आईने लेखी जबाब द्यायचा की थोरली मुलगी मेली आणि ही वेगळी. त्याला दोन जुनी माणसं साक्षीला. त्यावरून ग्रामपंचायतीत तिच्या मृत्यूची नोंद, आणि माझा जन्माचा दाखला जोडून दुरुस्तीचा प्रस्ताव वर जाणार.

"पहिलं दहा मिनिटांचं काम आहे," बाई म्हणाल्या, "पण मग तुम्ही सदतीसच्याच राहाल."

म्हणजे दहावी झाली तरी चेकरची जागा गेलीच.

तरी मी तहसीलसमोर जाऊन आले. का, ते सांगता येत नाही. झाडाखाली बसलेल्या टायपिंगवाल्याकडे मजकूर तयारच होता, फक्त नावाची जागा कोरी. 'सदर दोन्ही व्यक्ती एकच असून भिन्न नाहीत.' रोज असले दहा करतो, म्हणाला. भगताने सुपातले दाणे सारून जे सांगितलं होतं तेच इथे स्टॅम्पपेपरवर टाइप केलेलं होतं. मी कागद तसाच परत दिला आणि खर्डीची जीप पकडली.

पितरांचा पंधरवडा चालू होता. आई पडवीत पळसाची पानं चिपाडाने टाचत बसली होती. बाबा जाऊन पाच वर्षं झाली, आता त्यांचंही पान असतं. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. नोकरी, वय, फॉर्म, तीन आठवडे. तिने मान वर केली नाही.

"तू बोल फक्त," मी म्हणाले. "थोरली गेली, एवढं बोल. अंगठा दे."

"कोन गेली?" ती म्हणाली. "तू हायस ना हितं."

"आई, मी ती नाही."

"पान टाच," ती म्हणाली आणि माझ्याकडे एक पान सरकवलं.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, तिच्या वयावर माझं लग्न लावलंत. तिचं नाव, तिचा लगदा, तिचा परकर, सगळं माझ्या गळ्यात बांधलंत. एकतीस वर्षांत एकदा तरी मला बघितलंस का? आई पानं टाचत राहिली. चिपाड मोडलं, तिने दुसरं घेतलं. खालच्या आवाजात म्हणाली, "मला माझ्या तोंडानं पोरीला मारायला सांगतेस."

मी उठले आणि घराबाहेर पडले. भर दुपार होती. पाय जातील तिकडे गेले आणि पाय माळावर गेले. करवंदीची जाळी केवढी तरी पसरली होती. मी नेहमीसारखी वळसा घालायला निघाले आणि थांबले. मग वाकून आत शिरले. काटे केसांत अडकले. आत हातभर मोकळी जागा होती आणि जमीन थोडी बसलेली. मी तिथे बसले. वारा अजिबात नव्हता. खाली भाताच्या खाचरांतून कुणीतरी पाखरं हाकत होतं, तो आवाजही थांबला. मला भीती वाटली, पण ती तिची नव्हती. इथून बाहेर कोण येईल, याची होती.

खालून आईची हाक आली. माझं नाव. म्हणजे तिचं नाव.

आयुष्यात पहिल्यांदा मी ओ दिली नाही. ठरवून नाही दिली असंही नाही. मी वाट बघत बसले, कुणाचा आवाज येतो याची. शाळेतल्या त्या मागच्या भिंतीकडच्या बारीक आवाजाची. आई पुन्हा ओरडली. पुन्हा. चौथ्यांदा तिचा आवाज चिरकला. जाळीत काहीच हललं नाही.

थोड्या वेळाने ती धापा टाकत वर आली. काट्यांतून मला आत बसलेली पाहिलं आणि जिथे होती तिथेच उभी राहिली. तिचा चेहरा मी विसरणार नाही. तिने पदराने तोंड पुसलं आणि जाळीच्या बाहेर मातीत बसली. आम्ही दोघी तशाच बसलो, मध्ये काटे.

"चार हाका मारल्या," आई शेवटी म्हणाली. "दोघींतल्या एकीनं पन ओ दिली नाय."

मी केसांत अडकलेला काटा सोडवला आणि वाकून जाळीबाहेर आले.

"उद्या कवा जायचा शालेत?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंनी जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. माझी थोरली मुलगी अमुक साली तापाने मयत झाली. शेजारचे दोन म्हातारे मान हलवत होते. इतक्या वर्षांत त्यांनीही हे मोठ्याने ऐकलं नव्हतं. 'मयत' आलं तेव्हा आईने बाईंना थांबवलं, "ता परत वाचा." बाईंनी परत वाचलं. आईने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही. बाईंनीच तिचा हात धरून उचलला.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "वळ." मी पाठ केली. तिने माझे केस बाजूला केले आणि डाव्या कानामागचा डाग पाहिला. शाईचा अंगठा त्याच्याजवळ नेला, पण लावला नाही.

"असा डाग तुझ्या बापाला पन व्हता," ती म्हणाली. "हितंच."

मला कळायला वेळ लागला. "तुला माहीत होतं?"

"म्हाइत नसल तं काय?"

"मग इतकी वर्षं?"

"मला ती पायजे व्हती," आई म्हणाली. एवढंच, आणि चालायला लागली.

पुढचं थोडक्यात सांगते. प्रस्ताव वर गेला, खाली आला, एक कागद कमी म्हणून पुन्हा गेला. बाईंनी स्वतः पाठपुरावा केला म्हणून मुदतीत फॉर्म गेला, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. पास झाले. गणितात काठावर. चेकरची जागा मिळाली, आता खुर्चीवर बसून झाकणं बघते. हे सगळं चांगलंच झालं. पण मला सांगायचं आहे ते पहिल्या पेपरच्या दिवसाचं.

केंद्र खर्डीकडेच आलं होतं म्हणून मी परीक्षेपुरती आईकडे राहायला आले होते. वर्गात सगळी पोरं माझ्या मुलाच्या वयाची. पर्यवेक्षक सह्या घ्यायला आधी नावं पुकारू लागले. माझं नाव आलं आणि मी बोललेच नाही. मला कळलं की मी थांबलेय. सगळा वर्ग आधी ओरडेल, मग मी, अशी ती जुनी सवय कुठेतरी आत बसून होती. कुणीच ओरडलं नाही. पंख्याचा आवाज येत होता. मागच्या भिंतीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. तिथे फक्त भिंत होती. सरांनी दुसऱ्यांदा नाव घेतलं तेव्हा मी "हजर" म्हटलं. माझा आवाज मला फार लहान वाटला, एकटा पडल्यासारखा.

पेपर देऊन घरी आले तेव्हा ऊन कलत होतं. चुलीशेजारी नाचणीची भाकरी गुळात कुस्करून पळसाच्या पानावर ठेवलेली होती. वाटलं, परत तेच. मी मुकाट्याने समोर बसले आणि हात पुढे केला.

आईने पान बाजूला ओढलं. "ता तुझा नाय."

तिने ते पान दुसऱ्या पानाने झाकलं, दोऱ्याने बांधलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. माळावर न्यायला. मग माझ्यासमोर येऊन बसली, पाहुण्यासमोर बसतात तशी थोडी अंग चोरून, आणि तिने विचारलं, "तुला काय आवडतं गो खायला?"

"काहीपण," मी म्हणाले.

"काईपन काय? नीट सांग," ती चिडली. आणि मग तिचे डोळे भरले. "मला काय म्हाइत तुझा?"

मी विचार करायला लागले. सुकट आठवली, तांदळाची भाकरी आठवली, सासूच्या हातचं वालाचं कालवण आठवलं. त्यातलं माझं कुठलं, ते काही केल्या कळेना. आई वाट बघत होती. चूल पेटलेली होती आणि तवा वर तापत होता.